लंगडत आलाय, पाय ओढतोय, ठेचकाळलाय: हे इंग्रजीत नेमकं कसं सांगायचं

सोलापुरातून मोठ्या उपचारांसाठी माणसं पुण्याला जातात, हैदराबादला जातात. हैदराबादच्या ओपीडीत तेलुगू येणारा सोलापूरकर बोलून निभावून नेतो, पण कागद इंग्रजीतच भरायचा असतो. इथेही नर्सिंग किंवा फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलामुलींना पेशंटची माहिती इंग्रजीतच लिहावी लागते. शाळा मराठी माध्यमातून झालेली, घरात तेलुगू किंवा कन्नड, आणि समोर एक साधं वाक्य: ‘बाबा तीन दिवसांपासून लंगडत आहेत.’ नव्वद टक्के व्याकरण पाठ असणाराही इथे थांबतो, कारण या एका वाक्यात प्रेझेंट परफेक्टच्या, म्हणजे पूर्ण वर्तमानकाळाच्या, जवळजवळ सगळ्या अडचणी एकत्र आलेल्या आहेत.

म्हणून हा काळ शिकायला मी कष्टाने चालण्याची क्रियापदं निवडली आहेत. ‘आय हॅव ईटन अ मँगो’ घोकून तो काळ अंगी मुरत नाही. आंबा खाल्ला, विषय संपला. लंगडणं मात्र कधीतरी सुरू होतं, पुढे चालू राहतं किंवा थांबतं, आणि ते कधीपासून आहे हे डॉक्टरांना कळणं गरजेचं असतं.

इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत. वाचताना मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात वाचून बोलणं येत नाही.

पायरी १: आधी चाल नीट बघा

मराठीत आपण लंगडणं, खुरडणं, फरफटणं, अडखळणं, लटपटणं, झोकांड्या खाणं हे शब्द सहज वेगळे वापरतो. इंग्रजीत गेलो की सगळ्याला ‘वॉकिंग प्रॉब्लेम’ म्हणून मोकळे होतो. तसं करू नका. माणूस कसा चालतो ते बघा आणि त्या चालीचं क्रियापद घ्या.

एका पायावर भार टाकता येत नाही, शरीर एका बाजूला झुकतं, तेव्हा लिम्प. घोटा मुरगळला, गुडघ्याला मार लागला, टाचेत काटा मोडला की हेच. दोन्ही पाय दुखतात, तळपायाला फोड आलेत, माणूस छोटी छोटी पावलं टाकत कण्हत चालतो, तेव्हा हॉबल. आषाढीच्या आधी पंढरपूरजवळ वाखरीच्या तळावर उभं राहिलात तर या दोन चालींतला फरक पुस्तक न उघडता कळेल. आळंदीपासून सुमारे २५० किलोमीटर चालून आलेल्या माउलींपैकी ज्यांचा एक गुडघा धरलाय ते लिम्प करतात. ज्यांच्या दोन्ही तळव्यांना फोड आलेत ते हॉबल करतात. मदत केंद्रावर केस पेपर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने हा फरक नोंदवला, तर पुढच्या डॉक्टरला पेशंट बघण्याआधीच अर्धी कल्पना येते.

पाऊल उचललंच जात नाही, चप्पल फरशीवर घासत जाते, ते शफल. पार्किन्सनच्या रुग्णांची चाल डॉक्टर याच शब्दाने सांगतात. तोल जातो, चक्कर येते, माणूस इकडून तिकडे झुकतो, ते स्टॅगर. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात भर दुपारी चालत आलेला माणूस दारात येऊन झुकला, तर तोही स्टॅगर करतो. या शब्दाचा दारूशीच संबंध आहे असं समजू नका. ठेच लागून क्षणभर तोल गेला, तर स्टंबल. अगदी थकलेली आजी किंवा नुकतंच उभं राहायला शिकलेलं मूल लटपटत चालतं, ते टॉटर. दमलेला माणूस चिखलातून किंवा लांबच्या वाटेने जड पायांनी चालत राहतो, ते ट्रज. त्याच्याच जवळचं प्लॉड, त्यात संथपणा आणि न थांबणं जास्त.

ड्रॅगला एक अट आहे. त्याला कर्म लागतं. ‘ही हॅज ड्रॅग्ड’ एवढ्यावर वाक्य थांबत नाही, काय ओढलं ते सांगावं लागतं: ‘ही हॅज ड्रॅग्ड हिज लेफ्ट फुट.’ मराठीत ‘पाय ओढतोय’ म्हणताना आपण पायाचं नाव घेतोच. तीच सवय इथे ठेवा.

दोन शब्द टाळा. माणसाबद्दल ‘लेम’ म्हणू नका. जुन्या पुस्तकांत तो शब्द सापडतो, पण आज तो अपमानकारक मानला जातो. आणि ‘वॅडल’ म्हणजे बदकासारखं डुलत चालणं. गरोदर बाईबद्दल कुणी गमतीने वापरेल, तुम्ही तिच्यासमोर वापरू नका.

पायरी २: तिसरं रूप, आणि त्याचा उच्चार

प्रेझेंट परफेक्ट म्हणजे हॅव किंवा हॅज, आणि त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप. इथे एक दिलासा आहे: वरची सगळी क्रियापदं नियमित आहेत. दुसरं आणि तिसरं रूप एकच, शेवटी ई-डी. ‘गो, वेंट, गॉन’सारखं पाठांतर नाही. लिहिताना एवढं लक्षात ठेवा की प्लॉडमधला डी आणि ड्रॅगमधला जी दुप्पट होतो. हॉबल, शफल, स्टंबल यांच्या शेवटी ई आधीच आहे, तिथे फक्त डी लागतो.

चूक होते ती उच्चारात. आपण ई-डी दिसलं की ‘लिम्पेड’, ‘हॉबलेड’ असं वाचतो. शेवटचा ध्वनी प, क, फ, स, श, च असा अघोष असेल तर ई-डीचा उच्चार ट होतो, म्हणून लिम्प्ट. शेवटचा ध्वनी घोष असेल तर ड: हॉबल्ड, शफल्ड, स्टॅगर्ड, स्टंबल्ड, टॉटर्ड, ट्रज्ड, ड्रॅग्ड. आणि मूळ क्रियापद ट किंवा ड या ध्वनीने संपत असेल तरच वेगळं अक्षर ऐकू येतं: प्लॉडिड. आपल्याला वर्णमालेतले घोष-अघोष शाळेतच शिकवलेले असतात, ते इथे कामाला येतात. गळ्यावर बोट ठेवून ‘प’ आणि ‘ब’ म्हणून बघा, कंप कुठे जाणवतो ते लगेच कळेल.

पायरी ३: हॅव की हॅज

आय, यू, वुई, दे यांना हॅव. ही, शी, इट आणि एका माणसाचं नाव यांना हॅज. हे सगळ्यांना येतं, तरी वाक्य चुकतं, कारण मराठीतला आदर आडवा येतो. आपण ‘बाबा लंगडत आलेत’ म्हणतो, ‘आजोबा दमलेत’ म्हणतो. आदरार्थी अनेकवचन डोक्यात असतं आणि तोंडातून ‘माय फादर हॅव लिम्प्ट’ निघतं. इंग्रजीला बाबा एकच दिसतात. ‘माय फादर हॅज लिम्प्ट.’ सर, मॅडम, महाराज, आमदार, कुणीही असो, माणूस एक असेल तर हॅज. यात अनादर नाही. आदर दाखवायचा तो ‘मिस्टर’ किंवा ‘डॉक्टर’ लावून.

बोलताना हॅजचं ‘ज’ एवढंच उरतं: ‘हीज लिम्प्ट.’ ‘हीज लिम्पिंग’ म्हटलं तर तो ‘ज’ म्हणजे ‘इज’, आणि ‘हीज लिम्प्ट’मधला ‘ज’ म्हणजे ‘हॅज’. कोणता ते पुढच्या शब्दावरून कळतं. कागदावर मात्र पूर्ण लिहा.

पायरी ४: ‘आहे’ दिसलं म्हणून फसू नका

खरी मेहनत इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

शाळेत सांगतात: वाक्यात ‘ला आहे, ली आहे, ले आहे’ आलं की प्रेझेंट परफेक्ट. परीक्षेपुरतं हे चालतं. पण मराठी ‘आला आहे’ फार मोकळं आहे. ‘काल तो लंगडत घरी आलाय’ हे मराठीत बिनतक्रार चालतं. इंग्रजीत ‘ही हॅज लिम्प्ट होम यस्टर्डे’ चालत नाही. काल, मागच्या आठवड्यात, दोन दिवसांपूर्वी, अमुक साली, असा संपून गेलेला काळ वाक्यात आला की हॅव-हॅज बाहेर. मग साधा भूतकाळ: ‘ही लिम्प्ट होम यस्टर्डे.’

कारण असं की इंग्रजीत या काळाची एक टोकाची बाजू नेहमी आत्ताच्या क्षणाला चिकटलेली असते. आज, या आठवड्यात, आत्ताच, अजून, आतापर्यंत, कधीही, कधीच नाही, हे शब्द आत्ताशी जोडलेले आहेत, म्हणून ते चालतात. ‘शी हॅज जस्ट हॉबल्ड इन’ म्हणजे आत्ताच कशीबशी चालत आत आली, ती बघा, बाकावर बसलीय. ‘आय हॅव स्टंबल्ड ट्वाइस टुडे’ म्हणजे आज दोनदा ठेचकाळलो, आणि आजचा दिवस अजून संपलेला नाही.

एक बारकावा सांगतो. अमेरिकन माणूस ‘शी जस्ट हॉबल्ड इन’ असं साध्या भूतकाळात म्हणेल. ते चूक नाही, तिकडची रीत आहे. आपल्या परीक्षांत ब्रिटिश पद्धत धरतात, तेव्हा शिकताना हॅज ठेवा, ऐकताना दोन्ही ओळखा.

मृत व्यक्तींबद्दल बोलताना हाच नियम दुसऱ्या बाजूने दिसतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. १९३८ साली ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. मराठीत आपण अभिमानाने म्हणतो, ‘कोटणीसांनी सोलापूरचं नाव मोठं केलं आहे.’ इंग्रजीत त्यांच्या कृतीबद्दल बोलताना सगळं साध्या भूतकाळात: ‘ही वेंट टू चायना इन १९३८.’ वर्ष आलं, आयुष्य पूर्ण झालं, हॅजला जागा उरली नाही. सोलापूर मात्र आजही आहे, म्हणून ‘सोलापूर हॅज रिमेंबर्ड हिम’ चालतं.

पायरी ५: संपलं की चालू आहे?

आता दोन वाक्यं शेजारी ठेवा. ‘ही हॅज लिम्प्ट इनटू द वॉर्ड.’ ‘ही हॅज बीन लिम्पिंग.’ पहिल्यात वॉर्डपर्यंतचं चालणं पूर्ण झालं, माणूस पोचला. दुसऱ्यात लंगडणं अलीकडे सुरू झालं आणि अजून चालू आहे, किंवा नुकतंच थांबलंय. मराठीत दुसऱ्या वाक्यासाठी आपण साधा चालू काळ वापरतो: ‘तो सोमवारपासून लंगडतोय.’ म्हणून भाषांतर करताना ‘ही इज लिम्पिंग सिन्स मंडे’ येतं. ‘सिन्स’ आलं की ‘इज’ पुरत नाही. ‘ही हॅज बीन लिम्पिंग सिन्स मंडे.’

अस्सल सोलापुरी बोलणाऱ्यांनी इथे कान टवकारावेत. ‘काय करलालास बे?’, ‘कुठं जालालास?’ या बोलीत ‘तो लंगडलालाय’ म्हणजे लंगडतोय, क्रिया चालू आहे. पण त्यातला ‘ला’ ऐकून शाळेतला ‘ला आहे’चा नियम लावला, तर ‘ही हॅज लिम्प्ट’ असं उत्तर येतं आणि अर्थ बदलतो. ‘लंगडलालाय’ आलं की इंग्रजीत ‘लिम्पिंग’च. नुसतं आत्ता दिसतंय तर ‘ही इज लिम्पिंग’. अमुक वेळेपासून आहे असं सांगायचं तर ‘हॅज बीन लिम्पिंग’. या बोलीची लाज धरायचं काहीच कारण नाही. चालू क्रिया आणि पूर्ण क्रिया यांतला फरक ती ‘करतोय’पेक्षाही ठसठशीत दाखवते.

आणखी दोन गोष्टी. कितीदा झालं ते मोजलं की बीन-इंग नको: ‘शी हॅज स्टंबल्ड थ्री टाइम्स धिस वीक.’ आणि व्यंग कायमचं असेल, लहानपणच्या पोलिओने वगैरे, तर ‘ही हॅज लिम्प्ट सिन्स चाइल्डहूड’ हे जास्त शोभतं. ‘बीन लिम्पिंग’ने ते तात्पुरतं दुखणं वाटू शकतं, आणि डॉक्टर नव्या दुखापतीचा शोध घेत बसतात.

पायरी ६: ‘पासून’चे दोन रस्ते

मराठीत एकच ‘पासून’ सगळीकडे चालतं. सोमवारपासून, पडल्यापासून, गड्ड्यापासून (म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेपासून), तीन दिवसांपासून. इंग्रजीत त्याचे दोन भाग पडतात. सुरुवातीचा क्षण सांगितला तर सिन्स. कालावधीची लांबी सांगितली तर फॉर.

‘सिन्स मंडे’, ‘सिन्स धिस मॉर्निंग’, ‘सिन्स द गड्डा यात्रा’. पण ‘फॉर थ्री डेज’, ‘फॉर टू वीक्स’. ‘सिन्स थ्री डेज’ हे आपल्याकडे इतकं रुळलंय की कानाला खटकतही नाही. तरी लिहिताना दुरुस्त करा. ओळखायची खूण: वाक्य मराठीत ‘तीन दिवस झाले, लंगडतोय’ असं फिरवता आलं तर फॉर. ‘सोमवार झाले’ असं म्हणता येत नाही, म्हणून तिथे सिन्स.

सिन्सनंतर पूर्ण घटना सांगायची असेल, तर ती साध्या भूतकाळात जाते. ‘बाथरूममध्ये घसरल्यापासून आई खुरडत चालतेय’: ‘माय मदर हॅज बीन हॉबलिंग सिन्स शी स्लिप्ट इन द बाथरूम.’ घसरणं एकदाच झालं आणि संपलं, खुरडणं चालू आहे. एका वाक्यात दोन काळ शेजारी नांदतात आणि दोन्ही बरोबर असतात.

पायरी ७: प्रश्न आणि नकार

यात फारसं अवघड काही नाही. प्रश्नात हॅज पुढे आणा: ‘हॅज ही लिम्प्ट बिफोर?’ नकारात हॅज नॉट: ‘शी हॅज नॉट लिम्प्ट सिन्स द ऑपरेशन.’ दवाखान्यात तुम्हाला सर्वांत जास्त ऐकू येणारा प्रश्न आहे ‘हाऊ लाँग हॅज ही बीन लिम्पिंग?’ त्याचं उत्तर ‘थ्री डेज’ एवढंही चालतं. घाबरून पूर्ण वाक्य जुळवत बसू नका. आधी उत्तर द्या, मग वाक्य.

जिथे काळ चुकून चालत नाही

घरातला मोठा माणूस सकाळी उठला आणि अचानक एक पाय ओढत चालू लागला. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसतं, बोलणं जड येतं, हात वर राहत नाही. ही पक्षाघाताची चिन्हं असू शकतात. आधी १०८ ला फोन. तो मराठीत करा, इंग्रजीची काहीही गरज नाही. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि ते तास माणूस शेवटचा ठणठणीत दिसला त्या क्षणापासून मोजतात. म्हणून डॉक्टर सारखं विचारतात: शेवटचं नीट कधी पाहिलंत?

दुसऱ्या गावच्या डॉक्टरांशी फोनवर इंग्रजीत बोलायची वेळ आलीच, तर दोन वाक्यं पुरतात. ‘ही वॉज वॉकिंग नॉर्मली अ‍ॅट फाइव्ह.’ ‘ही हॅज बीन ड्रॅगिंग हिज राइट फुट सिन्स सिक्स.’ पहिलं संपलेलं, म्हणून भूतकाळ. दुसरं अजून चालू, म्हणून हॅज बीन. या दोन वाक्यांतून डॉक्टरांना वेळ, बाजू आणि सध्याची स्थिती तिन्ही कळतात. नुसतं ‘वॉकिंग प्रॉब्लेम, सर’ म्हटलं तर यातलं काहीच कळत नाही, आणि पुढची पाच मिनिटं प्रश्नोत्तरांत जातात.

सराव

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करून बघा, मोठ्याने म्हणा, मगच उत्तरं वाचा.

अडुसष्ट लिंगांच्या फेरीनंतर काका लंगडत घरी आलेत, आत्ताच.
यंत्रमागावर उभं राहून राहून आत्या महिनाभर खुरडत चालतेय.
काल सात रस्त्याला मी ठेचकाळलो.
आजोबा आज दोनदा झोकांडले आहेत.
दिंडीतल्या बायका चार दिवस चिखल तुडवत चालल्या आहेत, अजून चालताहेत.

पहिलं: ‘माय अंकल हॅज जस्ट लिम्प्ट होम आफ्टर द प्रोसेशन.’ ‘आलेत’ असलं तरी हॅज, आणि ‘आत्ताच’साठी जस्ट. दुसरं: ‘माय आंट हॅज बीन हॉबलिंग फॉर अ मंथ.’ मराठीत चालू काळ, इंग्रजीत हॅज बीन, आणि महिना ही लांबी म्हणून फॉर. कारण जोडायचं असेल तर पुढे ‘फ्रॉम स्टँडिंग अ‍ॅट द लूम’ लावा. तिसऱ्यात हॅव नाहीच: ‘आय स्टंबल्ड अ‍ॅट सात रस्ता यस्टर्डे.’ चौथ्यात मोजणी आहे, म्हणून बीन नको: ‘माय ग्रँडफादर हॅज स्टॅगर्ड ट्वाइस टुडे.’ हे वाक्य खरंच म्हणायची वेळ आली, तर व्याकरण बाजूला ठेवा आणि आजोबांना आधी खाली बसवा.

पाचव्यात बायका अनेक आहेत, म्हणून हॅव: ‘द विमेन हॅव बीन ट्रजिंग थ्रू द मड फॉर फोर डेज.’ पंढरपूरला पोचल्या की हेच वाक्य बदलेल: ‘दे हॅव ट्रज्ड ऑल द वे टू पंढरपूर.’ आणि पुढच्या वर्षी हीच वारी आठवताना: ‘लास्ट इयर दे ट्रज्ड ऑल द वे.’ आता या तीनही वाक्यांत ट्रजच्या जागी हॉबल घालून बघा, मग लिम्प. मग तुमच्या घरातल्या, गल्लीतल्या खऱ्या माणसाचं वाक्य घ्या आणि तेच तीन प्रकारे म्हणा.